वस्तुमान, वजन आणि किलोग्रॅम-बल

किलोग्रॅम-बल हे नावात किलोग्रॅम असले तरी बलाचे एकक आहे. प्रमाण गुरुत्वीय त्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग ज्या दराने वाढतो, त्याचे ठरवून दिलेले मूल्य) असेल तिथे एक किलोग्रॅमची वस्तू जेवढ्या बलाने खाली ओढली जाते, तेवढे हे बल. न्यूटनमध्ये सांगायचे तर ९.८०६६५. जर्मनीत याला किलोपाँड म्हणत.

वस्तुमान म्हणजे वेगात बदल करू पाहणाऱ्याला वस्तू किती दाद देत नाही, याचे माप. वस्तू कुठेही नेली तरी ते बदलत नाही. वजन म्हणजे त्या वस्तूवरील गुरुत्वाकर्षणाचे बल, आणि ते जागेनुसार बदलते. एवढे शाळेत सगळेच पाठ करतात. घोळ होतो तो गणित मांडताना, आणि त्यात या एककाचा हात मोठा आहे. ५० किलोग्रॅम वस्तुमानाच्या पेटीचे वजन ५० किलोग्रॅम-बल भरते. आकडा तोच, नावही जवळपास तेच. बोलता बोलता ‘बल’ गळून पडते आणि दोन राशी एक होऊन बसतात.

हीच पेटी १० किलोग्रॅम-बलाने आडवी ढकलली आणि घर्षण सोडून दिले, तर त्वरण किती? दहाला पन्नासने भागून ०.२ असे उत्तर काढण्याचा मोह होतो. पण आधी बल न्यूटनमध्ये आणायला हवे : सुमारे ९८. त्याला ५० ने भागले की १.९६ मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणजे चूक जवळजवळ दहापटीची. न्यूटनची व्याख्या गतीवरूनच केलेली आहे : एक किलोग्रॅमला एक मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण देणारे बल. त्यामुळे तिथे ९.८ चा गुणक मध्ये येत नाही. या एककाला ‘न्यूटन’ हे नाव वजने व मापे यांच्या सर्वसाधारण परिषदेने १९४८ मध्ये दिले.

वजन जागेनुसार बदलते याची चाहूल काट्याने नव्हे, घड्याळाने दिली. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झां रिशे १६७२ मध्ये विषुववृत्ताजवळच्या केयेन येथे गेला, तेव्हा त्याचे लंबकाचे घड्याळ पॅरिसच्या मानाने दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. गुरुत्वाकर्षण कमी असेल तिथे लंबक सावकाश झुलतो. गुरुत्वीय त्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८० आणि ध्रुवांवर ९.८३२ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. ध्रुवावर जुळवलेला ताणकाटा (स्प्रिंगचा काटा) विषुववृत्तावर आणला, तर ६० किलोग्रॅमचा माणूस त्यावर साधारण ३०० ग्रॅमने हलका भरेल. दोन पारड्यांच्या तराजूत मात्र हा फरक दिसणारच नाही, कारण समोरच्या पारड्यातली मापेही तेवढ्याच प्रमाणात हलकी झालेली असतात. तराजू वस्तुमानांची तुलना करतो, ताणकाटा बल मोजतो.

या गोंधळाला आवर घालण्यासाठी वजने व मापे यांच्या १९०१ च्या सर्वसाधारण परिषदेत किलोग्रॅम हे वस्तुमानाचेच एकक असल्याचे आणि वजन ही बलाच्या जातीची राशी असल्याचे जाहीर झाले, गुरुत्वीय त्वरणाचे ९.८०६६५ हे प्रमाण मूल्यही तेव्हाच ठरले. किलोग्रॅम-बल आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत बसत नाही, तरी ते पुरते गेलेले नाही. दाबमापकाच्या तबकडीवर ‘किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर’ असे छापलेले असते, तिथला किलोग्रॅम बलाचाच : अशा एका भागाचा दाब ९८.०६६५ किलोपास्कल होतो.

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळस्थानकात काट्याचा उपयोगच नसतो. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असते, पण काटा आणि माणूस दोघेही एकत्रच पडत असतात. काट्यावर भार येत नाही. म्हणून १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर अंतराळवीराला स्प्रिंगला जोडलेल्या खुर्चीत बसवून पुढेमागे झुलवत. झोक्याला वेळ जितका जास्त, तितके वस्तुमान अधिक.