मधुमेहातलं रेंगाळणारं जठर : पार्श्वभूमी

मधुमेह म्हटला की डोळे, मूत्रपिंड आणि पाय तपासले जातात. पोटाचं कुणी विचारत नाही आणि रुग्णही आपणहून सांगत नाही. दोन घासांत पोट गच्च होतं, दुपारचा भात रात्री ढेकरेबरोबर वर येतो, आणि घरात त्याला 'पित्त' म्हणतात.

इन्सुलिन १९२२ मध्ये पहिल्यांदा रुग्णाला टोचलं गेलं. मधुमेही वर्षानुवर्षं जगू लागले, तसे नसांचे विकार दिसू लागले. १९४५ च्या एका मोठ्या वैद्यकीय अहवालात हातापायांच्या बधिरतेसोबत जठर सुस्तावल्याचीही नोंद आहे. १९५८ मध्ये अशा जठराला नाव मिळालं : गॅस्ट्रोपरेसिस.

या नावानेच सगळा गुंता केला. 'पॅरेसिस' म्हणजे अंशतः दुबळेपणा. पूर्ण लुळेपणाला वेगळा शब्द आहे. पण मराठीत समजावताना 'जठराचा लकवा' असं सर्रास सांगितलं जातं आणि माणूस हादरतो. जठर थांबलेलं नसतं, ते हळू चालत असतं. शिवाय हळू म्हणजे किती? २००८ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी एकमताने मोजमाप ठरवलं : किरणोत्सारी कण मिसळलेला अंड्याच्या पांढऱ्याचा नाश्ता द्यायचा आणि चार तासांनंतर त्यातला १० टक्क्यांहून जास्त भाग जठरातच असेल, तर निदान पक्कं. रेघ आखली गेली, पण तक्रारी तिला जुमानत नाहीत. ज्याचं जठर फार रेंगाळतं त्याला कधी काहीच जाणवत नाही, आणि ज्याचं वेळेत रिकामं होतं तो मळमळीने बेजार असतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाठपुराव्यात वर्षभरानंतर पुन्हा तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के जणांचं निदानच बदललं : 'गॅस्ट्रोपरेसिस'वाले साध्या अपचनाच्या गटात गेले, अपचनवाले इकडे आले. माझ्या मते हे दोन आजार मानणंच चुकीचं आहे. त्यात तपासणीच्या दिवशी रक्तातली साखर चढलेली असेल तर जठर त्या कारणानेही मंदावतं.

हा वाद नुसत्या शब्दांचा नाही. रात्री आठला इन्सुलिन घेऊन कुणी पोळीभाजी खातो. पोळी जठरात पडून राहते, इन्सुलिन मात्र वेळेवर काम करतं. दहाच्या सुमारास घाम, थरथर, साखर ६० च्या खाली. मग साखरपाणी. पहाटे ते जेवण पुढे सरकतं आणि आकडा ३०० दाखवतो. घरचे म्हणतात, पथ्य पाळत नाही. पथ्य त्याने पाळलेलं असतं.

जठराला गती देणाऱ्या औषधांचा इतिहास थोडक्यात. सिसाप्राइड गुणकारी होतं, पण हृदयाची लय बिघडून मृत्यू झाल्यामुळे २००० साली अमेरिकेतल्या दुकानांतून गेलं. भारतात बंदी यायला २०११ उजाडलं. मेटोक्लोप्रामाइडवर २००९ मध्ये तोंडाच्या आणि जिभेच्या अनैच्छिक हालचालींबद्दल कडक इशारा छापला गेला. डोम्पेरिडोनला अमेरिकेत कधीच मंजुरी मिळाली नाही. आपल्याकडे पॅन्टोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधाच्या जोडीने ते गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळतं.

आता प्रश्न उलटा झाला आहे. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही मधुमेहाची आणि वजन घटवणारी नवी औषधं स्वतःच जठर मंदावतात, आणि भरल्या पोटी भूल दिली तर अन्न वर येऊन फुप्फुसात जाण्याची भीती असते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांनी आठवड्याची इंजेक्शनं नियोजित शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी थांबवायला सांगितलं. २०२४ मध्ये तो सल्ला सैल झाला, आणि बहुतेकांनी औषध चालू ठेवावं, ज्यांना धोका जास्त त्यांनी आदल्या दिवशी फक्त पातळ आहार घ्यावा असं ठरलं. म्हणून मळमळीची तक्रार आली की पहिला प्रश्न आता हा : इंजेक्शन कधी सुरू केलं, आणि पोट त्याआधी कसं होतं?