जानेवारी १९५७चे मुख्यमंत्री: भगवंतराव मंडलोई यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

राज्य लोकसेवा आयोगाचे मुख्यालय इंदुरातच असल्याने मध्य प्रदेशाच्या मुख्यमंत्र्यांची यादी इथल्या मराठी घरांतल्या मुलांनाही पाठ करावी लागते: शुक्ल, मंडलोई, काटजू, पुन्हा मंडलोई, मिश्र. चुका नेमक्या दुसऱ्या नावापाशी होतात. कोणी ते गाळून काटजूंना दुसरे मुख्यमंत्री करतो, कोणी मंडलोईंना मध्य भारताचे, म्हणजे ग्वाल्हेर-इंदूरकडच्या तेव्हाच्या राज्याचे, नेते समजतो. काही याद्यांत त्यांची पहिली कारकीर्द १ जानेवारीपासून धरलेली असते, तर काहींत ९ जानेवारीपासून. त्यामुळे दिवसांची बेरीज कधी तीस, तर कधी बावीस-तेवीस येते. ३१ जानेवारी १९५७ला कैलासनाथ काटजू मुख्यमंत्री झाले, यावर मात्र सगळ्या याद्या एकमत आहेत.

आडनावापासून सुरुवात करू. दख्खनेत जो देशमुख, तो माळवा-निमाडात मंडलोई: परगण्याच्या वसुलीचा वंशपरंपरागत वतनदार. इंदूर वसवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते राव नंदलालही याच वर्गातले. भगवंतराव मात्र खांडव्याचे. जन्म १० डिसेंबर १८९२, व्यवसाय वकिलीचा, पक्ष काँग्रेस. संविधान सभेत ते मध्य प्रांत व वऱ्हाडातून गेले होते.

त्यांचे राजकारण कळायला निमाडाची फाळणी माहीत हवी. खरगोनकडचा निमाड होळकरांचा होता. खांडवा-बऱ्हाणपूरचा निमाड इंग्रजांचा, मध्य प्रांतातला जिल्हा. होळकरांनी कर्ज देऊन बांधवलेल्या रेल्वेने खांडवा इंदूरला जोडले गेले, तरी सरकारी कामाचा माणूस तिथून जायचा नागपूरला. कोर्टाचे अपील नागपुरात, विधानसभा नागपुरात, प्रांतिक काँग्रेसचे राजकारणही त्याच बाजूचे. म्हणून नकाशात इंदूरपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर असलेले मंडलोई राजकीय हिशेबात महाकोशलचे, म्हणजे जुन्या मध्य प्रदेशाच्या हिंदी भागाचे, ठरतात. इंदूरचे मिश्रीलाल गंगवाल आणि विदिशेचे तखतमल जैन हे मध्य भारताचे मुख्यमंत्री. मंडलोईंचा त्या मंत्रिमंडळांशी संबंध नव्हता.

१ नोव्हेंबर १९५६ला चार तुकडे एकत्र आले: विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेल्यावर जुन्या मध्य प्रदेशाचा उरलेला भाग (महाकोशल), मध्य भारत, विंध्य प्रदेश, आणि भोपाळ. राजस्थानचे सिरोंज इकडे आले, मंदसौरकडचा सुनेल टप्पा तिकडे गेला. एकूण ४३ जिल्हे. इंदूरकरांसाठी हा बदल लहान नव्हता. मध्य भारतात ग्वाल्हेर हिवाळ्याची राजधानी होती आणि इंदूर उन्हाळ्याची. दरवर्षी दप्तरे गाड्यांवर लादून हलत. आता राजधानी भोपाळ झाली. उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला गेले, इंदूर आणि ग्वाल्हेरला खंडपीठे उरली. महसूल मंडळ ग्वाल्हेरला देण्यात आले. प्रत्येक तुकड्याचे स्वतःचे कायदे, स्वतःचे नोकर, स्वतःचे ज्येष्ठताक्रम होते आणि काँग्रेसमध्येही स्वतःचे नेते. ७९ वर्षांचे रविशंकर शुक्ल वयाने आणि वजनाने या सगळ्यांवर होते. राज्याची घडी त्यांच्यावर जरुरीपेक्षा जास्त टेकलेली होती, असे आम्हाला वाटते.

३१ डिसेंबर १९५६ला शुक्लांचे दिल्लीत निधन झाले. राज्य जेमतेम दोन महिन्यांचे आणि फेब्रुवारीत दुसरी सार्वत्रिक निवडणूक.

अशा वेळी काय होते, ते नीट पाहायला हवे. ‘काळजीवाहू मुख्यमंत्री’ असे पद राज्यघटनेत नाही. अनुच्छेद १६३ सांगतो की राज्यपालांना सल्ला द्यायला मुख्यमंत्र्यांच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळ हवे. अनुच्छेद १६४ प्रमाणे मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात आणि इतर मंत्र्यांची त्याच्या सल्ल्याने. मुख्यमंत्री गेला की मंत्रिमंडळाचा कणाच जातो. रूढ मार्ग असा, की मंत्रिमंडळातल्या ज्येष्ठाला शपथ द्यायची, त्याच्या सल्ल्याने बाकीच्यांना पुन्हा नेमायचे, खाती वाटायची आणि तोवर विधिमंडळ पक्षाला नेता निवडायला सवड द्यायची. शपथा दोन असतात, पदाची आणि गोपनीयतेची. असा मुख्यमंत्री कायद्याने पूर्ण मुख्यमंत्रीच असतो. त्याच्या सहीला कमी वजन नसते. मर्यादा येते ती संकेताने: नवे धोरण नको, मोठ्या बदल्या-नेमणुका नकोत, चालू काम अडू नये एवढे पाहायचे. आज निवडणुकीच्या काळात आचारसंहिता हात बांधते. १९५७मध्ये ती नव्हती, म्हणून सगळे त्या माणसाच्या विवेकावर असे.

राज्यपाल पट्टाभि सीतारामय्या होते. शुक्लांच्या मंत्रिमंडळातले ज्येष्ठ मंत्री म्हणून मंडलोईंकडे सूत्रे आली.

मग त्यांनाच कायम का ठेवले नाही? उमेदवाऱ्यांच्या वाटपाचे दिवस होते. महाकोशलचा माणूस पक्का केला तर मध्य भारत आणि विंध्य दुखावणार. मध्य भारताचा आणला तर संख्येने मोठा महाकोशल गट बिथरणार. दिल्लीने काढलेली तोड हुशारीची होती. काटजू त्या वेळी केंद्रात संरक्षणमंत्री, आधी गृहमंत्री, त्याआधी ओरिसा आणि पश्चिम बंगालचे राज्यपाल. जन्म जावऱ्याचा, म्हणजे मध्य भारताच्या मातीतला, लोकसभेवर मंदसौरहून, पण उभी वकिली आणि राजकारण अलाहाबादेत. इथल्या एकाही गटाचे ते नव्हते. विधानसभेचे सदस्य नसण्याचीही अडचण नव्हती, कारण १६४(४) सहा महिने देते आणि निवडणूक महिन्यावर आलेली होती. ज्येष्ठता वयाची म्हणाल, तर काटजू मंडलोईंहून पाच वर्षांनी मोठे.

त्या महिन्यात मंडलोईंच्या हातून एखादा गाजलेला निर्णय झाला असे कोणी सांगत नाही, आणि तेच त्या कामाचे यश होते. चार ठिकाणची नोकरशाही भोपाळात अजून जागा शोधत होती. चारही जुन्या सभागृहांतले आमदार मिंटो हॉलमध्ये एकत्र बसत होते. ती विधानसभा ५ मार्च १९५७ला विसर्जित झाली. निवडणुकीत काँग्रेसला २८८ पैकी २३२ जागा मिळाल्या. पक्ष त्या जानेवारीत फुटला असता तर हा आकडा दिसला नसता.

पाच वर्षांनी तीच वेळ दुसऱ्या रूपात आली. १९६२मध्ये काँग्रेस १४२वर थांबली, बहुमताला तीन कमी. काटजू स्वतः जावऱ्यात जनसंघाच्या लक्ष्मीनारायण पांडे यांच्याकडून हरले. १२ मार्च १९६२ला मंडलोई पुन्हा मुख्यमंत्री झाले. या वेळी पद पूर्ण मुदतीसाठी होते, पण पायाखाली पक्षाचे स्वतःचे बहुमत नाही आणि सातच महिन्यांत चीनचे युद्ध. सुमारे दीड वर्षाच्या या कारकिर्दीलाही सरसकट ‘काळजीवाहू’ म्हणतात, ते चूक आहे. थोडका काळ आणि काळजीवाहूपण या वेगळ्या गोष्टी आहेत. मार्च १९६९मध्ये सारंगढचे राजा नरेशचंद्र सिंह १३ दिवस मुख्यमंत्री होते. ते मोडत्या आघाडीचे नेते होते, तात्पुरते नेमलेले नव्हते. १९८०मध्ये सुंदरलाल पटवा महिनाभरात गेले ते राष्ट्रपती राजवटीमुळे.

ज्येष्ठ काँग्रेस नेत्यांनी सत्तेची पदे सोडून पक्षकार्याला लागावे, अशा १९६३च्या कामराज योजनेत सहा मुख्यमंत्र्यांनी पदे सोडली: स्वतः कामराज, बिजू पटनाईक, चंद्रभानू गुप्त, बिनोदानंद झा, बक्षी गुलाम मोहम्मद आणि मंडलोई. द्वारकाप्रसाद मिश्र त्याच वर्षी कसडोलच्या पोटनिवडणुकीतून विधानसभेत आले होते; ३० सप्टेंबरला ते मुख्यमंत्री झाले. मंडलोई तेव्हा सत्तरीचे होते. १९७०मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि ३ नोव्हेंबर १९७७ला त्यांचे निधन झाले.