सकाळी साडेआठ ते साडेअकरा, संध्याकाळी साडेचार ते आठ

मुंबईतल्या एखाद्या वाचनालयाच्या दारावर 'सहायक पाहिजे' अशी चिठ्ठी लागली की तिच्यात कामाची वेळ बहुतेक दोन तुकड्यांत लिहिलेली असते. सकाळचे तीन तास, संध्याकाळचे साडेतीन. मधला वेळ म्हणे तुमचा. घर कल्याण-बदलापूरकडे असेल तर तो तुमचाही नाही आणि वाचनालयाचाही नाही. बाकावर बसून डबा खायचा, मासिकं चाळायची, पंख्याखाली डुलकी काढायची. मी नव्वदच्या दशकात उपनगरातल्या एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर लागले तेव्हा या मधल्या वेळेचा फार राग यायचा. ही वेळ कुणी आणि का ठरवली, हे पुढे कळत गेलं. ती वाचकाच्या सोयीने ठरली होती, आणि आमचा वाचक म्हणजे नोकरदार माणूस. सकाळी गाडी पकडण्याआधी पुस्तक बदलणारा, नाहीतर संध्याकाळी स्टेशनवरून घरी जाताना भाजीच्या पिशवीत कादंबरी टाकून नेणारा. त्याच्या वर्गणीवर वाचनालय चालायचं आणि आमचा पगारही त्यातूनच निघायचा.

या नोकरीची सगळी तऱ्हा 'सार्वजनिक' या शब्दात दडलेली आहे. मराठीत सार्वजनिक म्हणजे सरकारी नव्हे. सार्वजनिक गणपती पालिका बसवत नाही. चाळ बसवते, वर्गणी काढून. सार्वजनिक वाचनालयाचंही तेच. चार माणसं जमली, वर्गणी गोळा झाली, एक कपाट आलं, कार्यकारी मंडळ निवडलं, एक कार्यवाह नेमला. इंग्लंड-अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालय म्हटलं की कराच्या पैशातून चालणारी संस्था आणि तिथला पगारी सेवक डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडे 'सार्वजनिक ग्रंथालयात' लागलेली मुलगी कागदोपत्री एका नोंदणीकृत संस्थेची नोकर असते. शासनाशी तिचा संबंध अनुदानापुरता, आणि तोही संस्थेमार्फत.

सुरुवातीची ग्रंथालयं तर नावालाही सार्वजनिक नव्हती. फोर्टातल्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या चढून गेलं की लागतात त्या दालनांत, साहेबांची पुस्तकं होती. मूळ संस्था १८०४ ची, इमारत पुरी झाली १८३३ साली. पहिला भारतीय सभासद, माणेकजी करसेटजी, आत यायला १८४० उजाडलं. काळ्या घोड्याजवळच्या ससून लायब्ररीची गोष्ट जरा वेगळी. ती १८४७ साली टांकसाळ आणि सरकारी गोदीतल्या कारागिरांच्या संस्थेतून निघाली. आजची दगडी इमारत १८७० ची. कारागिरांसाठी निघालेली संस्था पुढे वकील-विद्यार्थ्यांची झाली, हा मुंबईचा जुनाच रिवाज.

मुंबईबाहेर तोवर 'नेटिव्ह लायब्ररी' निघू लागल्या होत्या. रत्नागिरीचं वाचनालय आपला जन्म १८२८ चा सांगतं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं १८४८ चं. पण मराठी पुस्तक हेच मुख्य धरून संग्रह करायचा ही कल्पना शतक संपता संपता आली. ठाण्याला विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या मित्रांनी १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं. पाच वर्षांनी, १ ऑगस्ट १८९८ ला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. पुढे त्याच्या शाखा शहरभर पसरल्या, आणि मराठी वस्तीत दोन जिने चढून गेलं की लाकडी काउंटरमागे एक माणूस बसलेला, हे चित्र मुंबईला ओळखीचं झालं. त्या माणसाला 'ग्रंथपाल' म्हणायला वेळ लागला. तो लायब्रेरियन होता, कारकून होता, कधीकधी संस्थेचा शिपाईही तोच. पुस्तक कुठलं घ्यायचं, दंड कुणाचा माफ करायचा, हे कार्यवाह ठरवत, आणि कार्यवाह मानद. म्हणजे बिनपगारी माणूस वरच्या खुर्चीत आणि पगारी माणूस खालच्या. ही उतरंड तेव्हा पडली आणि अजून मोडलेली नाही. यात कार्यवाहांचा दोष काढायचा नाही. त्यांच्यातल्या कितीजणांनी स्वतःच्या खिशातून वीजबिलं भरली आहेत. पण सेवाभावी माणसाच्या हाताखाली पगार वाढवून मागणं किती अवघड असतं, ते मागणाऱ्यालाच ठाऊक.

दुसरी वाट बडोद्याला दिसली होती. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला, गावोगाव ग्रंथालयं काढली, आणि ती चालवायला माणसं लागतील म्हणून शिकवणीचे वर्गही भरवले. संस्थानाचा पैसा, संस्थानाचे नोकर. मुंबई इलाख्यात तसं काही नव्हतं. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. फैजी मुसलमानी कायद्याचे मोठे अभ्यासक आणि तेव्हा लॉ कॉलेजचे प्राचार्य. समितीने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातल्या वाचनालयापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची रचना सुचवली. पण महायुद्ध सुरू झालं, काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि अहवाल कपाटात गेला. स्वातंत्र्याच्या सुमाराला तो बाहेर काढून थोडाफार अमलात आला. राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालय टाउन हॉलमध्येच उभं राहिलं. १९५४ च्या कायद्याने देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांना द्यावी लागते, त्यांतलं हे एक.

शिक्षणाची सोयही याच दिवसांत झाली. मुंबई विद्यापीठाने १९४४ मध्ये पदविका सुरू केली. एसएनडीटी महिला विद्यापीठाचं ग्रंथालयशास्त्राचं विद्यालय १९६१ चं. आमच्यासारख्यांची वाट मात्र तिथून जात नव्हती. आमचा दरवाजा म्हणजे जिल्हा ग्रंथालय संघाचा काही महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग, संध्याकाळी कुठल्यातरी शाळेत भरणारा. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांची पाच सूत्रं पाठ करायची, विषयाप्रमाणे पुस्तकांना आकडे देणाऱ्या ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाचे आकडे घोकायचे आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयात यायचं. तिथे पुस्तकाच्या पाठीवर ८९१.४६, म्हणजे मराठी साहित्याचा ड्यूईचा आकडा, बिलकुल नसायचा, असायचं 'का ३२१०'. का म्हणजे कादंबरी. क कथा, ना नाटक, च चरित्र. तीन हजार दोनशे दहावी कादंबरी आली ती बत्तीसशे नवाव्या शेजारी जाऊन बसली. शास्त्राच्या दृष्टीने याला वर्गीकरण म्हणायचं का, हा वाद घालणारे घालोत. वाचकाला पुस्तक अर्ध्या मिनिटात हातात मिळायचं एवढं खरं.

मग आला १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम. १ मे १९६८ पासून तो लागू झाला आणि ग्रंथालय संचालनालय अस्तित्वात आलं. या कायद्याचं मोल मोठं आहे, कारण गावोगावच्या वाचनालयांना त्याने दरवर्षी हक्काने मागता येईल असा पैसा दिला. पण काय दिलं नाही तेही बघायला हवं. मद्रासने १९४८ मध्ये आणि कर्नाटकाने १९६५ मध्ये कायदे केले, तेव्हा मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर लावला. महाराष्ट्राने उपकर टाळला. त्याऐवजी ग्रंथालय निधी ठेवला आणि शासनाने त्यात दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत असं लिहिलं. १९६७ साली २५ लाख लहान रक्कम नव्हती. आणि ग्रंथालयं सरकारने आपल्याकडे घेतली नाहीत. ती संस्थांचीच राहू दिली, त्यांना मान्यता दिली, अ-ब-क-ड असे वर्ग पाडले आणि वर्गाप्रमाणे अनुदान ठरवलं. कर्नाटकातल्या सार्वजनिक ग्रंथालय खात्यात लागलेला माणूस सरकारी नोकर होतो. इथला माणूस वर्गणीच्या काळात होता तिथेच राहिला. मालक तोच, वर एक निरीक्षक तेवढा आला.

हा निरीक्षक माझ्या आयुष्यात पहिल्याच महिन्यात आला, म्हणजे त्याची भीती आली. नवी पुस्तकं आली की दाखल करायची असतात. आधी बिलाशी यादी ताडून बघायची, पानं उलटी-सुलटी लागली नाहीत ना ते चाळून घ्यायचं, मग दाखल नोंदवहीत क्रमांक, तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, पानं, किंमत, बिल क्रमांक. तोच क्रमांक पुस्तकात ठरलेल्या पानांवर, शिक्क्याच्या आत. पाठीवर चिठ्ठी, आत कार्डाचा खिसा, शेवटी तारखेची चिठ्ठी डिंकाने. मी एका दुपारी एकच क्रमांक दोनदा टाकला आणि पुढची चाळीस-एक पुस्तकं तशीच सरकत गेली. संध्याकाळी लक्षात आलं तेव्हा मी रबर शोधायला लागले. कार्यवाह काका शेजारीच चष्मा पुसत उभे होते.

"रबर लावू नकोस हं. तांबडी शाई घे, रेघ मार, बाजूला बरोबर आकडा लिही. मी सही करतो."

"पण काका, वही किती घाण दिसेल."

"दिसू दे. चूक चालते गं त्यांना. खाडाखोड नाही चालत."

चाळीस रेघा, चाळीस सह्या. वाचक या वहीला कधी हात लावत नाही. तिच्यावरून अनुदान ठरतं. किती पुस्तकं घेतली, त्यांतली शासनमान्य यादीतली किती, सभासद किती, रोज देवघेव किती, वर्तमानपत्रं किती, हे सगळं तपासणीत बघितलं जातं आणि वर्ग टिकतो किंवा घसरतो. त्यामुळे नव्या सहायकाचा अर्धा दिवस वाचकांत जातो आणि अर्धा नोंदींत. वर्गात शिकवताना हे कुणी सांगत नाही.

आता पैशाकडे येऊ, कारण इतिहास कितीही सांगितला तरी मुलाखतीला आलेली मुलगी शेवटी तेच विचारते. २०१२ पासून ड वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ३० हजार रुपये मिळत होते. जिल्ह्याच्या अ वर्गाला ७ लाख २० हजार. दहा वर्षं आकडे तिथेच राहिले. २०२२ च्या नोव्हेंबरात ६० टक्के वाढ झाली, ड वर्ग ४८ हजारांवर गेला. अनुदानाचा निम्मा भाग पगारावर, निम्मा बाकी खर्चावर, असा हिशेब धरतात. म्हणजे त्या वाढीनंतर ड वर्गातल्या एकुलत्या एक ग्रंथपालाच्या वाट्याला अनुदानातून महिन्याला दोन हजार आले. ही रक्कम तीस हजारांच्या काळात साडेबाराशे होती. मुंबईत एवढ्यात लोकलचा पास आणि चहा भागेल. मोठ्या संस्थांना सभागृहाचं भाडं, देणग्या, अभ्यासिकेची फी असते, म्हणून तिथले पगार बरे. पण ते संस्थेच्या मिळकतीवर, शासनाच्या वेतनश्रेणीवर नाहीत. वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती हव्यात ही मागणी कर्मचारी कित्येक वर्षं करत आले आहेत. त्यांच्या निवेदनांत याच प्रश्नांवर नेमलेल्या व्यंकप्पा पत्की समितीचं नाव इतक्या वेळा येतं की नव्या मुलांना ती समिती म्हणजे एखादा सण वाटावा.

२०१२ सालीच राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली, कागदावरची वाचनालयं उघडी पडली, आणि त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता मिळणं थांबलं. खोटी दुकानं बंद झाली हे बरंच झालं. पण जी मंडळी खरोखर नवं काही काढू पाहत होती तीही दाराबाहेर राहिली, आणि त्यांच्याबरोबर त्यांनी नेमली असती ती माणसंही.

वाचक मात्र बदलला. सकाळी गाडीआधी पुस्तक बदलणारे थोडे उरले. त्यांच्या जागी सकाळी सातपासून अभ्यासिकेच्या दारात रांग लावणारी, स्पर्धा परीक्षांची मुलं आली. दहा बाय दहाच्या घरात पाय पसरायला जागा नसलेली. दुपारी आजी-आजोबा वर्तमानपत्राला येतात. दिवाळीत सगळेच येतात, कारण दिवाळी अंकांची योजना घरी विकत घेण्यापेक्षा केव्हाही स्वस्त. कार्डं जाऊन बारकोड आला, काही ठिकाणी ई-ग्रंथालय ही प्रणाली आली. दाखल नोंदवही बऱ्याच ठिकाणी अजून हातानेच लिहितात, संगणकावर असली तरी.

गेल्या वर्षी आमच्या जुन्या वाचनालयात सहज डोकावले तेव्हा मार्चचा शेवटचा आठवडा होता. अनुदानाचा दुसरा हप्ता उशिरा आलेला, पैसे ३१ तारखेच्या आत खर्ची पडायला हवेत, म्हणून पुस्तकांचे गठ्ठे जमिनीवर रचलेले. नवी सहायक मांडी घालून वही लिहीत बसली होती. आठ वाजून गेले होते. तिने मान वर न करता विचारलं, "ताई, सभासद आहात का? देवघेव बंद झाली." मी नाही म्हटलं आणि शिक्क्याचं पॅड तिच्या जवळ सरकवलं.