पातेल्यापासून ताटलीपर्यंत : वाढण्याच्या पद्धतींची पार्श्वभूमी

हॉटेल मॅनेजमेंटच्या पहिल्याच वर्षी फ्रेंच, रशियन, इंग्लिश, अमेरिकन अशा सर्व्हिस पाठ कराव्या लागतात. एका पुस्तकातली रशियन दुसऱ्यातल्या इंग्लिशसारखी वाटते, फ्रेंचच्या तर दोन-दोन व्याख्या सापडतात. मुलं गोंधळतात, पण दोष त्यांचा नाही. नावं जुनीच राहिली, त्यांच्याखालची रीत मात्र बदलत गेली.

अठराव्या शतकातल्या फ्रेंच सरदारांकडचं जेवण दोन-तीन फेऱ्यांचं असे. एका फेरीचे सगळे पदार्थ एकदम टेबलावर, तेही आधी नकाशा आखून, डावी-उजवी बाजू जुळवून मांडलेले. हाताशी असेल ते घ्यायचं, शेजाऱ्यालाही वाढायचं. पलीकडच्या टोकाचं काही हवंसं वाटलं तर नोकराला खुणावायचं, नाहीतर मन मारायचं. सूपचं भांडं उचललं की त्या जागी मासा किंवा मांसाचा मोठा भाजलेला तुकडा येई, आणि या बदली पदार्थाला वेगळं नावही होतं : 'रलव्हे'. यजमानाची श्रीमंती एका नजरेत दिसे. जेवण मात्र बहुतेक वेळा गारच पोटात जाई.

१८१० च्या सुमारास पॅरिसमधले रशियन राजदूत प्रिन्स अलेक्झांडर कुराकिन यांनी वेगळी रीत आणली, असं मानलं जातं. पदार्थ एकामागून एक येणार, आधीच कापलेले, आणि नोकर ते प्रत्येकापर्यंत पोचवणार. त्या काळचा सर्वांत नावाजलेला शेफ आंतोनँ कारेम १८१९ मध्ये रशियाला जाऊन आला, तरी भव्य मांडणीचा सोस त्याला सुटला नाही. साखरेचे मनोरे रचण्यात हयात घालवलेल्या माणसाला रिकामं टेबल पटणार तरी कसं? ही रशियन रीत रुजली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. रशियात नोकरी केलेला उर्बँ द्युब्वा हा शेफ तिचा मोठा पुरस्कर्ता होता.

या एका बदलाने टेबलाचं रूपच पालटलं. डिश हटल्या, मधे फुलं-फळं आली. पुढे काय येणार हे समोर दिसेना, म्हणून प्रत्येकापुढे मेन्यूकार्ड आलं. बाहेरून आत वापरत यायची काट्या-चमच्यांची लांबलचक रांगही याच क्रमवार वाढण्याशी जोडलेली. अन्न गरम मिळू लागलं, पण त्याची किंमत नोकरांच्या संख्येत मोजावी लागली.

रेस्टॉरंटात मुळात यजमानच नसतो. १७८२ मध्ये पॅरिसला बोव्हिलिए याने थाटाचं रेस्टॉरंट काढलं. तिथे वेगवेगळी टेबलं आणि ज्याची त्याची ऑर्डर असा मामला होता. असं काम वेगाने उरकायचं तर स्वयंपाकघराचीच फेररचना हवी. १८९० पासून लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात व्यवस्थापक सेझार रिट्झच्या जोडीने काम करणाऱ्या ऑग्युस्त एस्कोफिए या शेफने ती केली : सॉसला एक माणूस, भाजण्याला दुसरा, माशाला तिसरा.

बाहेरच्या हॉलमध्ये मात्र वाढण्याचं कसब शिगेला पोचलं. सिल्व्हर सर्व्हिस करणारा वेटर जवळून पाहावा. डाव्या हातावर घडी घातलेला नॅपकिन, त्यावर गरम थाळा. उजव्या हातात खाली चमचा, वर काटा; तर्जनी दोहोंच्या मधे घालून केलेला चिमटा. पाहुण्याच्या डाव्या बाजूने वाकायचं, थाळा ताटलीच्या काठाशी आणायचा आणि बटाटा न फुटता, सॉसचा थेंब न सांडता खाली ठेवायचा. डावी बाजू का, तर वाढणारा उजवा हात बरोबर ताटलीवर येतो.

नावांचा घोळ इथेच झाला. ब्रिटिश वळणाच्या पुस्तकांत या चमच्या-काट्याच्या वाढण्याला इंग्लिश सर्व्हिस म्हणतात. अनेक अमेरिकी पुस्तकांत जवळपास हीच रशियन ठरते. फ्रेंच म्हणजे एकीकडे वेटरने पुढे धरलेल्या थाळ्यातून पाहुण्याने स्वतः वाढून घेणं, तर दुसरीकडे 'गेरिडॉन' या छोट्या टेबलावर किंवा ट्रॉलीवर पाहुण्यादेखत पदार्थ तयार करणं. कारेमच्या काळची फ्रेंच रीत या दोन्हींत कुठेच नाही.

ताटली स्वयंपाकघरातच सजवून आणायची, ही अमेरिकन म्हणून शिकवली जाणारी पद्धत. स्वस्त, झटपट, कमी माणसांत भागणारी. म्हणून उंची रेस्टॉरंटं तिच्याकडे नाक मुरडत. मग फ्रान्समध्येच रोआन गावच्या त्रुआग्रो या शेफ बंधूंनी ताटलीची सजावट स्वतःच्या हाती घेतली आणि १९७० च्या दशकातल्या 'नूव्हेल क्विझिन' या फ्रेंच स्वयंपाकाच्या नव्या लाटेने या पद्धतीला प्रतिष्ठा दिली. वेटरच्या हातातला चमचा-काटा गेला. त्याच्याकडे ताटली नेऊन ठेवण्याचं काम उरलं, आणि माझ्या मते एका देखण्या कौशल्याची ती मोठीच हानी होती.

सगळे पदार्थ एकदम मांडायची जुनी हौस बफेच्या रूपाने परत आली. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात स्वीडनच्या दालनाने स्मॉर्गसबोर्ड, म्हणजे तिकडचा अनेक पदार्थांचा बफे, मांडला आणि अमेरिकेत त्याचा बोलबाला झाला. टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने त्याच धर्तीवर १९५८ मध्ये सुरू केलेल्या बफेचं नाव 'व्हायकिंग'. जपानीत आजही हव्या तितक्या खायच्या बफेला तेच म्हणतात. त्याच वर्षी ओसाकात सरकत्या पट्ट्यावरची सुशीही सुरू झाली.

वाढणाऱ्याला पूर्ण वजा करण्याचा प्रयत्न त्याआधीच झाला होता. १९०२ मध्ये फिलाडेल्फियात हॉर्न अँड हार्डार्टने ऑटोमॅट उघडलं : भिंतभर काचेचे छोटे कप्पे, नाणं टाकायचं, मूठ फिरवायची, दार उघडून आपला पदार्थ काढून घ्यायचा. या कंपनीचं शेवटचं ऑटोमॅट १९९१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बंद झालं. तोवर त्या भिंतीमागे रिकामा कप्पा भरायला माणसं उभीच असत.