झोन बदल की वापर परवानगी? ऑफिसच्या इमारतीवर हरकत घेण्याआधी एवढं वाचा

रहिवासी भागातल्या रिकाम्या प्लॉटवर ऑफिसची इमारत येणार अशी कुणकुण लागली की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो: "झोन बदलून घेतला वाटतं." पाठोपाठ दुसरा: "एनए कमर्शियल केलंय त्यांनी." आणि संध्याकाळपर्यंत सह्या गोळा व्हायला लागतात. गेली कित्येक वर्षं मी अशा हरकतींचे मसुदे लिहून देते. दर वेळी पहिला अर्धा तास हा गुंता सोडवण्यातच जातो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

एनए आधी बाजूला काढू. बिनशेती हा महसूल खात्याचा विषय. जमीन महसूल अधिनियम १९६६, जिल्हाधिकारी, सनद (बिनशेतीचा दाखला), अकृषिक आकारणी (त्यावरचा सारा) हे सगळं बहुतेकांना घरचं आहे. जमीन शेतीतून बाहेर आली एवढंच त्यातून कळतं. तिथे सात मजली ऑफिस उभं राहू शकतं का, याचं उत्तर सातबाऱ्यावर नसतं, ते शहराच्या विकास आराखड्यात असतं. "प्लॉट एनए आहे, काहीही बांधा" असं सांगणाऱ्या एजंटावर विश्वास ठेवू नका.

खरी गल्लत पुढच्या दोन गोष्टींत होते, झोन बदल आणि वापर परवानगी. दोन्ही एकाच कायद्यातल्या, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मधल्या. दोन्हींची फाईल त्याच नगररचना विभागात फिरते आणि शेवटी जमिनीवर दिसते ती ऑफिसची इमारतच. त्यामुळे लोक दोन्हींना 'झोन बदल' म्हणतात.

झोन बदल म्हणजे मंजूर विकास आराखड्यातला फेरबदल. नकाशावर त्या जागेचा पिवळा, म्हणजे रहिवास विभागाचा, रंग जाऊन वाणिज्य विभागाचा निळा येतो. हे होतं कलम ३७ खाली. महापालिकेला राजपत्रात नोटीस काढावी लागते, लोकांकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात, त्यासाठी एक महिन्यापर्यंत मुदत असते. बाधित होणाऱ्यांना वेगळी नोटीस देऊन त्यांची सुनावणी घ्यावी लागते. मग प्रस्ताव राज्य सरकारकडे जातो. सरकार नगररचना संचालकांशी विचारविनिमय करून तो मंजूर करतं, अटी घालून मंजूर करतं किंवा फेटाळतं. महापालिकेला हा निर्णय स्वतःच्या अधिकारात घेता येत नाही.

वापर परवानगीत आराखड्याला हातच लागत नाही. रंग पिवळाच राहतो. मूळ गैरसमज इथे आहे: रहिवास विभागात फक्त घरंच चालतात असं लोक धरून चालतात. दवाखाने, दुकानं, बँका, ऑफिसं असे कितीतरी वापर रहिवास विभागाच्या यादीतच असतात. कुठल्या प्लॉटवर त्यातलं काय चालेल, हे प्रामुख्याने समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. मुंबईत त्यासाठी डीसीपीआर २०३४ ही विकास नियंत्रण नियमावली आहे, तर राज्यातल्या बहुतेक बाकी शहरांत २०२० पासूनची युडीसीपीआर ही एकत्रित नियमावली. वापर यादीत बसत असेल तर मालक कलम ४४ खाली अर्ज करतो आणि महापालिका कलम ४५ खाली परवानगी देते. राहत्या इमारतीचं ऑफिस करायचं असेल तरी हाच रस्ता, कारण कलम २ मधल्या 'विकास' या व्याख्येत जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरातला मोठा बदलही येतो, मग एक वीटही हलवलेली नसो. या वाटेवर हरकतींसाठी जाहीर नोटीस नाही, शेजाऱ्यांची सुनावणी नाही. कलम ४७ चं अपीलही फक्त अर्जदाराला आहे. परवानगी मिळाली म्हणून शेजारी दुखावला असेल, तर त्याच्यासाठी त्या कलमात जागा नाही.

आता या गल्लतीनं काय बिघडतं ते बघा. एका सोसायटीनं चाळीसेक सह्यांचं निवेदन दिलं होतं, 'प्रस्तावित झोन बदलास आमचा तीव्र विरोध आहे.' तीन महिन्यांनी उत्तर आलं, अवघी एक ओळ: सदर भूखंडाबाबत झोन बदलाचा कोणताही प्रस्ताव नाही. उत्तर खरंच होतं. तोवर शेजारी पाया खणून झाला होता. ज्यांनी सह्या केल्या त्यांचे चेहरे मला आठवतात. त्यांची तक्रार रास्त होती, पण ती नसलेल्या प्रस्तावावर घेतली गेली.

उलटी चूकही तेवढीच महाग पडते. कलम ३७ ची नोटीस आलेली असते आणि लोक बांधकामाच्या नकाशावर वाद घालत बसतात, इमारत किती छान, काच किती, झाडं किती. फेरबदलाच्या सुनावणीत दाखवलेलं चित्र हे आश्वासन नसतं. झोन बदल जमिनीला चिकटतो. परवानगी त्या विशिष्ट नकाशापुरती असते आणि ठरावीक मुदतीत काम सुरू झालं नाही तर संपते. झोन बदललेला असेल तर मात्र मालक बदलला, प्रकल्प बारगळला तरी जागा निळीच राहते. आणि एकदा निळी झाली की वाणिज्य विभागाच्या यादीतलं सगळंच तिथे नियमानुसार येऊ शकतं. शांत ऑफिस म्हणून होकार दिलेल्या जागेवर उद्या मोठं शोरूम आलं, तर तक्रारीला आधार उरत नाही.

तरीही ऑफिसं यायचीच असतील तर ती फेरबदलातून यावीत असं माझं ठाम मत आहे. लोकांना निदान बोलायला महिना मिळतो, आणि रस्ता, पाणी, पार्किंगचे प्रश्न कागदावर येतात. एकेका प्लॉटच्या परवानगीनं, कधी परवानगीशिवायही, गल्ली हळूहळू बदलत जाते तेव्हा हा हिशोब कुणीच मांडत नाही. दिल्लीत तेच झालं. घरांमधून वर्षानुवर्षं दुकानं-ऑफिसं चालत राहिली, फेब्रुवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती सील करायचे आदेश दिले, आणि २००७ च्या मास्टर प्लॅनमध्ये मिश्र वापराची सविस्तर तरतूद आली ती या सगळ्यानंतर.

तेव्हा निवेदन लिहिण्याआधी त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा (आराखड्यातला तेवढ्या जागेचा तुकडा) काढा, राजपत्रात फेरबदलाची नोटीस आहे का ते बघा. असेल तर हरकतीत नोटिशीचा क्रमांक घाला आणि नुसता विरोध न लिहिता अटी मागा: गाड्यांचं प्रवेशद्वार कुठल्या रस्त्यावर, पाणी कुठून, पार्किंग किती. सरकारला अटी घालून मंजुरी देता येते, पण त्या मागायला कुणी जात नाही. नोटीस नसेल तर 'झोन' हा शब्दच गाळा. माहिती अधिकारात मंजूर नकाशाची प्रत मागवा आणि त्यावर रस्त्याची रुंदी किती दाखवली आहे ते पाहा. मग टेप घेऊन रस्त्यावर उतरा. नकाशात बारा मीटर आणि टेपवर नऊ भरले, तर हा फरक कुठल्या नियमाखाली मान्य केला, एवढा एकच प्रश्न लेखी विचारा आणि पोच घ्या.