पऱ्या कुठून येतो?

रत्नागिरीकडे वाडीमागून वाहणाऱ्या ओढ्याला पऱ्या म्हणतात, सिंधुदुर्गात वहाळ. त्याचा पाणलोट म्हणजे दोन-चार डोंगरउतार, एखादा सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळाचं पठार, बस्स. पण शिमग्याच्या आधीच त्याचं पाणी का तुटतं हे समजायचं, तर त्या सड्यावर चढायला हवं आणि जमिनीच्या जुन्या कागदांतही शिरायला हवं.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा दगड उन्हापावसात कुजत गेला आणि त्याचा जांभा झाला. जांभा सच्छिद्र. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बराचसा कातळावरून धावत सुटतो. काही भेगांतून खाली उतरतो, चिकणमातीच्या थरावर अडतो आणि सड्याच्या कडेला झरा होऊन फुटतो. पऱ्या जन्मतो तो तिथे. पुढे शास्त्री, काजळी किंवा मुचकुंदी, मग खाडी. सह्याद्रीपासून समुद्र जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, त्यामुळे पाण्याला थांबायला फुरसत नाही. त्याला धरून ठेवतात ती उतारावरची ऐन, किंजळ, जांभूळ, उंबर ही झाडं आणि त्यांच्याखाली साचलेला पाचोळा.

अनेक गावांत देवरहाटी नेमकी अशा झऱ्याला बिलगून असते. देवाचं रान म्हणून तिथे कुऱ्हाड चालली नाही. खालच्या वायंगणी म्हणजे उन्हाळी भाताला आणि माडा-पोफळीच्या आगरांना पाटाचं पाणी मिळत राहिलं, त्यात या रानाचा मोठा वाटा आहे असं मला ठामपणे वाटतं.

बाकीच्या उताराला असं राखण नव्हतं. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं. डोंगर बहुतेक खाजगी. गावोगाव सारा वसूल करणाऱ्या वतनदार खोतांचा अंमल होता. कुळं पिचली होती. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, पण प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडलं. कुळांना न्याय मिळणं गरजेचंच होतं. जंगलाचा विचार मात्र त्यात कुणी केला नाही. पुढे वारसांची नावं वाढत सातबारे सामाईक झाले, माणसं मुंबईला गेली आणि उभं रान ठेकेदाराला तोडीला देणं सोपं झालं. लाकूड गेलं, कोळशाच्या भट्ट्या लागल्या. १९७५ला खाजगी वनं संपादन करण्याचा कायदा आला, तरी तोड थांबली नाही. १९९०पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेत काजू-आंब्याची कलमं लागली. त्यांनी घरं सावरली, हे खरंच. पण कलमांसाठी कित्येक उतार आधी साफ केले गेले आणि बागेत तळ झाडून ठेवतात, तिथे पाचोळा साचत नाही.

आता पाऊस सरला की गावं श्रमदानानं सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून पऱ्यावर वनराई बंधारे घालतात. काही आठवडे पाणी तुंबतं, गुरांना होतं, विहिरींना पाझर लागतो. पण बंधारा पडतो खाली, वाडीजवळ. वरचा उतार दहा-पंधरा नावांच्या सातबाऱ्यावर आहे, आणि तिथे झाड राखायचं तर त्या सगळ्यांची संमती लागते.