चिंचेची चकती रात्री दोन वाजता का फुटली

मार्चमधली गोष्ट. रात्री दोनच्या सुमाराला आमच्या हॉलमध्ये 'फाट्' असा आवाज झाला. एकदाच, कोरडा, आणि मग पुन्हा सामसूम. दिवा लावून पाहिलं तर भांडं पडलेलं नाही, खिडकी आपटलेली नाही, मांजर नाही. सकाळी झाडताना उलगडा झाला. दीड महिना खपून केलेल्या माझ्या टीपॉयची चकती, म्हणजे चिंचेच्या खोडाचा आडवा गोल काप, कडेपासून थेट मध्यापर्यंत उलली होती.

शेजारच्या काकूंनी दारातूनच निकाल दिला. "चिंचेचं लाकूड कोण घरात आणतंय व्हय? त्या झाडावर काय काय बसतंय, तुला काय ठावं!" मी त्यांना म्हटलं, काकू, कोल्हापुरात मटणाच्या दुकानातला ओंडका बहुतेक चिंचेचाच असतो, आणि रविवारी सकाळी तिथं रांगेत उभं राहताना कुणाला भूत आठवत नाही. काकू हसल्या, पण पटलं नाही. "त्यो ओंडका कुठं फुटतोय?" असं विचारून गेल्या. प्रश्न चोख होता. त्याचं उत्तर शोधताना मी लाकडाच्या इतका आत शिरलो की टीपॉय राहिला बाजूलाच.

आधी माझी चूक सांगतो. सालीसकट, ओबडधोबड, दुकानदारांच्या भाषेत 'रस्टिक' फर्निचर घरीच करायची हौस सध्या फोनवरच्या व्हिडिओंमुळे घरोघरी पोचली आहे. मीही वखारीतून वीस इंच व्यासाची, तीन इंच जाडीची चकती घासाघीस करून आणली. झाड पडून दोन महिनेही झाले नव्हते. रंधा मारला, पॉलिश पेपरनं घासली, तेल लावलं, खाली तीन पाय ठोकले. व्हिडिओत हे सगळं बारा मिनिटांत होतं. चकतीचं पुढं सहा महिन्यांनी काय होतं, ते कुणी दाखवत नाही.

शाळेत आपण शिकलो की पदार्थ तापला की फुगतो आणि गार झाला की आकसतो. त्यामुळे 'उन्हाळ्यात लाकूड तडकतं ते उष्णतेनं' असं आपण सहज म्हणतो. हिशेब केला तर हे टिकत नाही. दीड फूट रुंद पाइनची फळी पंधरा अंशांनी तापली तर ती आडवी जेमतेम 0.2 मिलिमीटर फुगेल. उलट आपल्या घरातली तीच फळी पावसाळा ते उन्हाळा या फेऱ्यात सात-आठ मिलिमीटर आकसते. हा उद्योग पाण्याचा आहे.

लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. लाकूड म्हणजे पोकळ काड्यांची पेंढी समजा, गव्हाच्या काडाची असते तशी, फक्त या काड्या डोळ्यांना न दिसण्याइतक्या बारीक आणि एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. एक पाणी काड्यांच्या पोकळीत भरलेलं असतं, दुसरं काड्यांच्या भिंतींत मुरलेलं. झाड तोडलं की आधी पोकळीतलं पाणी जातं. तेवढ्यानं वजन उतरतं, आकार मात्र तसाच राहतो. घागर रिकामी झाली म्हणून लहान होत नाही. सुक्या लाकडाच्या वजनाच्या साधारण 28 ते 30 टक्के पाणी उरतं तेव्हा पोकळ्या कोरड्या झालेल्या असतात आणि भिंती काठोकाठ भरलेल्या असतात. ओलावा सुक्या वजनाशी तुलना करून मोजतात, म्हणून ताज्या लाकडात तो कधीकधी शंभर टक्क्यांच्याही वर भरतो. त्यात आकडेमोडीची चूक नसते. या 30 टक्क्यांच्या खाली उतरलं की भिंतींतलं पाणी जाऊ लागतं, आणि आकसणं इथून सुरू होतं. माझी चकती जानेवारीत हाताला कोरडी लागत होती, म्हणजे तिच्या फक्त पोकळ्या आणि वरवरचा पापुद्रा सुकला होता.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. काडीची भिंत सेल्युलोजच्या तंतूंची असते. हे तंतू मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याहूनही बारीक. आतून ते स्फटिकासारखे गच्च असतात, पाण्याला तिथं शिरकाव नाही. पाणी शिरतं ते दोन तंतूंच्या मधल्या मऊ भरावात, हेमिसेल्युलोजमध्ये. तिथल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. पाणी आलं की तंतू एकमेकांपासून दूर सरकतात, गेलं की जवळ येतात. पण ते लांबीला ना वाढतात, ना घटतात. भिंतीच्या सर्वांत जाड थरात हे तंतू काडीच्या लांबीला जवळजवळ समांतर असतात, दोराला सैल पीळ द्यावा तसे, दहा ते तीस अंशांत. त्यामुळे लाकूड उभं जवळजवळ आकसतच नाही. ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत लांबीतली घट फार तर 0.1 ते 0.2 टक्के. आडवं मात्र ते सपाटून आकसतं.

आडव्यातही दोन दिशा आहेत आणि चकतीचा घात इथंच होतो. गाभ्याकडून सालीकडे जाणारी त्रिज्येची दिशा आणि वाढीच्या वर्तुळांना धरून जाणारी परिघाची दिशा. बहुतेक लाकडं त्रिज्येत साधारण 4 टक्के आकसतात, परिघात साधारण 8 टक्के. साग त्यातला सज्जन, 2.5 आणि 5.8. हा जवळजवळ दुपटीचा फरक का, याची कारणं दोन-तीन सांगतात. गाभ्याकडून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे, म्हणजे मज्जाकिरण, त्रिज्येच्या दिशेला आतून ताण दिल्यासारखे धरून ठेवतात. शिवाय वाढीच्या हंगामात उशिरा तयार होणारं घट्ट लाकूड परिघाच्या दिशेनं सलग पट्ट्यात असतं आणि बाजूच्या पोकळ लाकडाला आपल्याबरोबर ओढून नेतं.

वही-पेन्सिल घ्या. दहा सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ. परीघ 62.8. त्रिज्या 4 टक्क्यांनी घटून 9.6 झाली, या त्रिज्येच्या वर्तुळाला परीघ लागतो 60.3. पण परिघाच्या दिशेनं लाकूड 8 टक्के आकसलं, म्हणजे शिल्लक लाकूड 57.8 सेंटिमीटर. अडीच सेंटिमीटर कमी! हे लाकूड आणायचं कुठून? भूमिती तडजोड करत नाही. अडीच सेंटिमीटरची जागा मोकळी सोडावीच लागते, आणि ती कडेला रुंद व मध्याकडे निमुळती, भाकरीचा एक चतकोर काढून घ्यावा तशी असणार. अंशांत मोजलं तर सुमारे 15. हे हाडासारखं सुकलेल्या लाकडाचं झालं. घरातलं लाकूड मार्चमध्ये 9 टक्क्यांच्या आसपास थांबतं, म्हणून 10 अंश धरा. माझ्या चकतीचा परीघ सुमारे 160 सेंटिमीटर. म्हणजे एकूण फट साडेचार सेंटिमीटरच्या घरात यायला हवी. मोठ्या फटीचं तोंड मी व्हर्नियरनं, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पट्टीनं मोजलं, 31 मिलिमीटर. उरलेलं पाच-सहा केसासारख्या तड्यांत वाटलं गेलं होतं. (इथं बायकोनं वही मिटली. ज्यांनी मनातल्या मनात मिटली असेल त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं, की गाभ्यासकट अख्खी चकती सुकली की फुटणारच, मग ती चिंचेची असो की देवदाराची.)

काकूंच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. खाटकाचा ओंडका दिवसभर ओला होतो, रोज धुतला जातो. त्याच्या भिंतींना सुकायची उसंतच मिळत नाही. तरीही जवळून पाहिलंत तर बारीक तडे असतातच. चिंचेच्या लाकडाची नस एकमेकींत गुंतलेली असते, त्यामुळे ते सुरीच्या घावानं सहजी चिरफाळत नाही, एवढा त्याचा मोठेपणा.

आणि रात्री दोनच? ताण आठवडाभर साठत होता. कड आधी सुकून आकसू पाहत होती, आतलं ओलं लाकूड तिला आकसू देत नव्हतं. एका क्षणी तंतूंचा धीर सुटला. त्याच्या आधीचे किरकोळ तडे दिवसाही वाजले असतील. पण आमच्या गल्लीत भरदुपारी, भाजीच्या गाडीचा भोंगा आणि समोरच्या बांधकामावरचा कटर चालू असताना ते ऐकणार कोण? जुन्या घरातली कपाटं, तुळया, माळे रात्री कुरकुरतात तेही असंच. लाकूड सुकवणाऱ्या भट्ट्यांमध्ये तर या आवाजांवर कान ठेवायला संवेदक लावून पाहिलेले आहेत. आवाज वाढले की आच कमी करायची. भुताचा इतका नेमका उपयोग कुठल्या मांत्रिकानं केल्याचं ऐकिवात नाही.

आता कोल्हापूरच्या हवेकडे या. लाकूड हवेशी सतत देवघेव करत असतं. हवेची सापेक्ष आर्द्रता 30 टक्के असेल तर लाकडातला ओलावा 6 टक्क्यांपाशी स्थिरावतो. 50 ला 9, 65 ला 12, 80 ला 16. माझ्या हॉलमधलं आर्द्रता मोजायचं यंत्र मार्चच्या दुपारी तिशीत असतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे 85 च्या खाली उतरत नाही. दिवस-रात्रीची सरासरी धरली तरी लाकूड वर्षातून एकदा 9 वरून 17 पर्यंत जाऊन परत येतं. पावसाळ्यात दार अडकतं, आपण मिस्त्रीला बोलावून रंधा मारून घेतो, आणि एप्रिलमध्ये त्याच दाराच्या फटीतून शेजारचा टीव्ही दिसतो.

हे आपल्या जुन्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं. बैलगाडीच्या चाकावर लोखंडाची धाव तापवून चढवत. गार झाली की ती आवळून बसे. पण उन्हाळ्यात लाकूड आकसायचं, आरे खुळखुळायचे, धाव सैल व्हायची. मग गाडीवान काय करायचा? चाकं नेऊन नदीत नाहीतर डोहात टाकायचा. रात्रभरात चाक फुगून पुन्हा घट्ट.

चकतीनंतर मी शहाणा झालो आणि बाक करायला घेतला. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत यंत्रसामग्री ज्या पाइनच्या खोक्यांतून आणि पॅलेटवरून येते, त्या फळ्या भंगारात मिळतात. घेताना शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली. 'एमबी' असेल तर मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ती घरात नको. चार फळ्या फेविकॉलनं जोडून अठरा इंच रुंद, चार फूट लांब बैठक झाली. आता हिशेब बघा. लांबीत वर्षभराचा फरक अर्धा मिलिमीटर, रुंदीत सात-आठ मिलिमीटर. म्हणून खालच्या आडव्या पट्ट्यांना बैठक गच्च स्क्रूनं आवळायची नाही. पट्टीचे तंतू तिच्या लांबीला धरून असतात, त्या दिशेला ती हलणार नाही, बैठक मात्र रुंदीत हलणार, आणि दोघींच्या भांडणात फळी फुटणार. मधला स्क्रू घट्ट, कडेच्या स्क्रूंना पट्टीत लांबट भोकं आणि खाली वॉशर. जुन्या दारांतली पॅनेलं चौकटीच्या खाचेत नुसती सरकवलेली असतात, चिकटवलेली नसतात, तेही याचसाठी. रंगारी त्या खाचेत पुट्टी भरून बुजवून टाकतो, आणि मग पॅनेल मधोमध उलतं.

ताज्या लाकडाच्या कापलेल्या तोंडांना मेण नाहीतर जाड रंग लावायला विसरू नका. काड्यांची तोंडं तिथं उघडी असतात, पाणी बाजूंपेक्षा कित्येक पट वेगानं तिथून पळतं. चकतीची तर वरची आणि खालची दोन्ही अंगं म्हणजे उघडी तोंडंच! आणि चकतीच हवी असेल तर वखारीतच करवतीनं कडेपासून केंद्रापर्यंत एक काप घेऊन टाका. फट पडायचीच आहे तर आपण सांगू तिथं पडू दे. जपानमध्ये घराच्या खांबांना दिसणार नाही अशा बाजूनं मुद्दाम असा काप देतात. दुसरा उपाय खर्चिक आहे, भिंतींतल्या पाण्याच्या जागी न उडणारं काहीतरी बसवायचा. स्वीडनचं 'वासा' हे 1628 साली बुडालेलं जहाज 1961 साली वर काढलं, तेव्हा ते सुकून फुटू नये म्हणून त्यावर 17 वर्षं पॉलिएथिलीन ग्लायकॉल फवारत होते. टीपॉयसाठी एवढा धीर कुणाकडे आहे?

पॉलिशबद्दल थोडक्यात. 'आमचं कोटिंग मारलं की लाकूड कायमचं लॉक' असं सांगणाऱ्याला दुकानातून हसत हसत निरोप द्या. लाख, वॉर्निश, पॉलियुरेथेन, कशानंही बाष्पाची ये-जा मंदावते, थांबत नाही. फटीत इपॉक्सी, म्हणजे ओतल्यावर कडक होणारी राळ, ओतून निळी नदी करणाऱ्यांनी ओलं लाकूड घेतलं तर नदीच्या काठानं दुसरी फट पडते. मी जवसाचं तेल वापरतो, हार्डवेअरच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं. ते 'वाळतं' म्हणजे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात, आणि वाळताना तेलाचं वजन चक्क वाढतं. या क्रियेत उष्णता निघते. फळीवर ती पसरून जाते, पण तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकलात तर उष्णता आतच कोंडते आणि काडी न लावता बोळा पेटू शकतो. चिंध्या पाण्याच्या बादलीत बुडवा, नाहीतर एकेक सुटी करून उघड्यावर वाळत घाला. या एका बाबतीत आळस नको.

चकती मी टाकली नाही. ऑगस्टमध्ये, सलग तीन आठवडे ऊन दिसलं नव्हतं तेव्हा, फट पुन्हा मोजली. 20 मिलिमीटर. काकू चहाला आल्या होत्या. त्यांना व्हर्नियर दाखवलं. चष्मा लावून त्यांनी आकडा वाचला, फटीतून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "म्हंजे पावसाळ्यात ते आत जातंय म्हण की."